तीनशे वर्षं मठात, पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये

फिलिपिन्सची राजधानी मनिला, हे नाव आपल्याकडे कानावर पडतं ते बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला. १९७९ मध्ये जामखेडच्या आरोळे दांपत्याला मिळाला, १९८५ मध्ये बाबा आमट्यांना. दरवेळी बातमी येते, फोटो येतो, आपल्याला अभिमान वाटतो, आणि ते शहर मात्र बातमीच्या मागेच राहून जातं. बाबांचं नाव जाहीर झालं त्या १९८५ सालात फिलिपिन्सवर फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीचं विसावं वर्ष चालू होतं. पुढच्या फेब्रुवारीत लाखो माणसं रस्त्यावर उतरली आणि मार्कोस कुटुंबाला देश सोडून पळावं लागलं. त्या काळातलं मनिला आतून कसं होतं, तिथली माणसं काय खायची, कुठला सिनेमा बघून रडायची, कुणाला घाबरायची, हे मला कळलं ते एका कादंबरीतून. ती १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिका जेसिका हॅगेडॉर्न.

हॅगेडॉर्नची ओळख करून देताना लोक अडखळतात. ती कवयित्री आहे. तिचा स्वतःचा बँड होता. ती नाटकं लिहिते, रंगमंचावर उभी राहून सादर करते. तिने चित्रपटाची पटकथा लिहिली, कथासंग्रह संपादित केले, आणि चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे परिचयात सहसा दोन कप्पे केले जातात. एकीकडे गंभीर कादंबरीकार, दुसरीकडे नाटक-सिनेमा-गाण्यांच्या दुनियेतली लेखिका. जणू एक खरं काम आणि दुसरा जोडधंदा. मला ही वाटणी पटत नाही. तिच्या कादंबऱ्या मनोरंजनाच्या दुनियेबद्दल आहेत, मनोरंजनाच्याच तऱ्हांनी रचलेल्या आहेत, आणि त्यामुळेच त्या राजकीय आहेत. हे असं का, ते समजायला थोडा इतिहास लागतो.

फिलिपिन्समध्ये एक वाक्य खूप प्रचलित आहे. आपला इतिहास काय, तर तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये.

मठ म्हणजे स्पेन. १५६५ पासून १८९८ पर्यंत या बेटांवर स्पेनचं राज्य होतं आणि गावोगावी ते राज्य दिसायचं पाद्र्याच्या रूपात. जमीन त्यांची, शाळा त्यांची, जन्ममृत्यूची नोंद त्यांची. आज फिलिपिनो नावं ऐकली की गोव्याची आठवण होते, कारण दोन्हीकडे आयबेरियातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून, आलेला कॅथलिक धर्म आहे. पण एक फरक मला फार बोलका वाटतो. गोव्यात पोर्तुगीज आडनावं धर्मांतराबरोबर आली. फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नरने हुकूम काढला, आडनावांची छापील यादी प्रांतोप्रांती धाडली, आणि कित्येक कुटुंबांना त्या यादीतून आडनाव मिळालं. याच देशाचा राष्ट्रीय नायक होसे रिझाल हा कादंबरीकार होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाद्र्यांच्या सत्तेवर त्याने कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९६ साली स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. कादंबरी ही तिथे पहिल्यापासून जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे.

हॉलिवूड म्हणजे अर्थात अमेरिका. १८९८ मध्ये फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण अमेरिकेशी युद्धात हरलेल्या स्पेनने ती बेटं दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली. मग १८९९ ते १९०२ अमेरिकेशी लढाई झाली. त्या काळात हिंसा, उपासमार आणि रोगराईने दोन लाखांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा अमेरिकी सरकारच्याच इतिहास विभागाचा अंदाज आहे. लढाई संपत आली तशी बोटीतून माणसं उतरली ती शिक्षक. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक आले. शाळा इंग्रजीत सुरू झाल्या, आणि इंग्रजीच्या मागोमाग आले अमेरिकी सिनेमे, गाणी, मासिकं, डबाबंद खाणं. ४ जुलै १९४६ ला देश स्वतंत्र झाला. तारीखसुद्धा अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. झेंडा उतरला, पडद्यावरचे चेहरे तिथेच राहिले. १९५० च्या दशकातल्या मनिलातल्या खात्यापित्या घरची मुलगी आपल्या डोंगरांत राहणाऱ्या आदिवासींपेक्षा रॉक हडसन या हॉलिवूडच्या नटाला जास्त ओळखायची.

सत्ताधाऱ्यांनी हे ओळखलं होतं. १९६५ च्या निवडणुकीआधी मार्कोस यांच्या आयुष्यावर एक कथापट काढण्यात आला. त्यांची पत्नी इमेल्डा प्रचारसभांमध्ये व्यासपीठावर गाणी म्हणायची. १९७२ साली मार्शल लॉ लागला, वृत्तपत्रांना टाळं लागलं, हजारो माणसं तुरुंगात गेली. आणि त्याच मार्शल लॉच्या काळात, १९७४ मध्ये, मनिलात मिस युनिव्हर्स स्पर्धा भरली, १९७५ मध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर यांची जगप्रसिद्ध झुंज झाली. तुरुंग आणि सोहळा एकाच शहरात, एकाच हुकमाने. पुढे १९९८ मध्ये तर जोसेफ एस्त्रादा हा पडद्यावरचा लाडका नायकच राष्ट्राध्यक्ष झाला. जिथे सत्ता सिनेमाच्या भाषेत बोलते, तिथे सत्तेबद्दल लिहू पाहणाऱ्याला सिनेमाची भाषा यावीच लागते. हॅगेडॉर्नला ती लहानपणापासून येत होती.

तिचा जन्म १९४९ चा, मनिलातल्या सांता मेसा भागातला. घराण्यात स्पॅनिश, फिलिपिनो, स्कॉटिश, आयरिश, फ्रेंच, चिनी असं सगळं मिसळलेलं. १९६३ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला आली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. हे वय नीट लक्षात घ्यायला हवं. पाच वर्षांचं मूल देश सोडतं तेव्हा त्याच्याकडे दोन-चार चित्रं असतात. पंचविशीतला माणूस मतं घेऊन निघतो. चौदाव्या वर्षी सगळं आठवतं, पण त्यातलं पुष्कळसं कळलेलं नसतं. मोठ्यांच्या खोलीतलं अर्धवट ऐकलेलं बोलणं, नोकरांची कुजबुज, आत्याच्या नवऱ्याबद्दलची कानगोष्ट. हॅगेडॉर्नच्या लेखनात हा अर्धवट ऐकल्याचा सूर कायम राहिला.

सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या कविता केनेथ रेक्सरॉथ या ज्येष्ठ कवीच्या नजरेस पडल्या. त्याने १९७३ मध्ये चार तरुण कवयित्रींचा एक संग्रह संपादित केला, त्यात ती होती. त्याच शहरात तिने नाट्यप्रशिक्षण घेतलं. तो काळ वेगळाच होता. काळ्या, लॅटिनो, आशियाई तरुण लेखकांनी एकमेकांना शोधून काढलं होतं. ते एकाच कॅफेत कविता वाचायचे, एकमेकांचं संगीत ऐकायचे. १९७५ मध्ये तिचं ‘डेंजरस म्युझिक’ हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तिने ‘वेस्ट कोस्ट गँगस्टर कॉयर’ नावाचा बँड काढला. कविता आणि संगीत एकत्र, मधेमधे नाट्यप्रवेश. कवितेला टाळ्यांची, पायांच्या ठेक्याची, समोर बसलेल्या माणसांची सवय लागली. पुढे तिच्या गद्याला जो वेग आला तो मला वाटतं इथूनच आला.

१९७८ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. तिथल्या पब्लिक थिएटरचा संस्थापक जोसेफ पॅप याने तिचं ‘मँगो टँगो’ हे नाटक रंगमंचावर आणलं. त्याआधी एक वर्ष न्टोझाके शांगे आणि थुलानी डेव्हिस या दोन काळ्या कवयित्रींबरोबर तिने त्याच नाट्यगृहात कविता आणि संगीताचा एकत्र प्रयोग केला होता. म्हणजे पहिली कादंबरी हातात यायच्या आधी जवळपास पंधरा वर्षं ही बाई प्रेक्षकांसमोर काम करत होती.

मग आली ‘डॉगईटर्स’.

नावापासूनच भांडण सुरू झालं. हे नाव म्हणजे अमेरिकेत फिलिपिनो माणसाला दिली जाणारी शिवी, ‘कुत्री खाणारे’. तिचं मूळ १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनापाशी जातं. तिथे हजाराहून जास्त फिलिपिनो माणसं आणून, त्यांची वस्ती उभारून, लोकांना दाखवायला ठेवली होती. उत्तरेच्या डोंगरातले इगोरोत लोक कुत्र्याचं मांस खातात हा त्यातला सगळ्यात गर्दी खेचणारा भाग. म्हणजे शिवीचा जन्मसुद्धा एका तमाशातला, तिकीट काढून बघायच्या खेळातला. हॅगेडॉर्नने तीच शिवी पुस्तकाच्या कपाळावर लिहिली. अनेक फिलिपिनो अमेरिकन वाचक दुखावले. त्यांचं दुखावणं मी समजू शकते. परक्या देशात मान मिळवायला आयुष्य घालवलेल्या माणसाला दुकानाच्या काचेत तो शब्द बघणं सोपं नसणार. पण पुस्तक वाचल्यावर मला वाटतं, दुसरं नाव चाललं नसतं. इतरांनी आपल्याबद्दल रचलेली कथा किती खोलवर आपल्यात शिरते, हाच तर त्या पुस्तकाचा विषय आहे.

पहिल्यांदा वाचताना मी चाळीसेक पानांत हरवले होते. तुम्हीही हरवाल, म्हणून जरा वाट दाखवते. कादंबरी १९५६ मध्ये सुरू होते, मनिलातल्या एका वातानुकूलित सिनेमागृहाच्या अंधारात. रियो गोंझागा ही मुलगी आपल्या चुलत बहिणीबरोबर, पुचाबरोबर, जेन वायमन आणि रॉक हडसनचा सिनेमा बघते आहे. एक प्रतिष्ठित विधवा, तिच्या बागेत काम करणारा तरुण, अमेरिकेतल्या छोट्या गावातली थंडी. उकाड्याच्या शहरातल्या दोन मुली तो बर्फ बघून भारावून जातात. पुढे एकापाठोपाठ एक माणसं येतात. देशातला सर्वांत श्रीमंत उद्योगपती सेव्हेरो अलाक्रान. लष्करातला जनरल लेडेस्मा, ज्याची पत्नी साध्या खाटेवर झोपून प्रार्थना करत दिवस काढते आणि ज्याची रखेल ही देशाची लाडकी नटी आहे. सिनेमात जायचं स्वप्न बघणारा वेटर रोमिओ. आणि जोई सँड्स. त्याचा बाप अमेरिकी काळा सैनिक होता, आई वेश्या. जोई रात्री क्लबात रेकॉर्ड वाजवतो आणि परदेशी पुरुषांना देह विकतो.

ही माणसं सरळ रांगेत येत नाहीत. मधेच वर्तमानपत्राचं कात्रण येतं. मधेच १८४६ सालच्या एका फ्रेंच प्रवाशाच्या ग्रंथातला उतारा येतो. मधेच अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांनी मेथडिस्ट धर्मगुरूंपुढे केलेलं निवेदन येतं. रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग उमगलं की फिलिपिनो लोकांना शिकवून, सुधारून, ख्रिस्ती करायला हवं, असं त्यात ते सांगतात. ते लोक तीनशे वर्षांपासून ख्रिस्तीच होते. हॅगेडॉर्न त्यावर एक शब्द बोलत नाही. उतारा ठेवते आणि पुढच्या गप्पांकडे वळते.

गप्पा हा शब्द महत्त्वाचा. टागालोगमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य भाषेत, त्याला ‘त्सिसमिस’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्द, अर्थ कुचाळकी, कानगोष्ट. जिथे छापील बातमीवर सरकारची नजर असते, तिथे खरी बातमी तोंडोतोंडीच फिरते. कोण रात्री उचलला गेला, कुणाची बायको कुणाबरोबर असते, कुणाच्या घरी जनरल जेवायला गेला होता. त्यात खरं किती, खोटं किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. कादंबरीची बांधणी म्हणजे हीच कुचाळकी आहे. एक माणूस सांगतो, दुसरा भर घालतो, तिसरा खोडून काढतो. वाचक गोंधळतो, कारण त्या शहरातला माणूसही गोंधळलेलाच होता.

आणि या सगळ्याखाली चालू असतो रेडिओ. ‘लव्ह लेटर्स’ नावाची श्रुतिका रोज लागते आणि सगळं मनिला ती ऐकतं. श्रीमंत घरात ती हलकी समजली जाते, नोकरमाणसांची करमणूक म्हणून. रियो मात्र आजीच्या खोलीत जाऊन ऐकते. ‘लोला’ म्हणजे आजी. लोला नार्सिसा स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते. घरातल्या नोकरांबरोबर ती हाताने भात कालवून खाते, श्रुतिका ऐकते, आणि सगळी मिळून रडतात. आपल्याकडेही रेडिओवरची श्रुतिका लागली की हातातलं काम बाजूला ठेवणाऱ्या आज्या होत्या, म्हणून ती खोली मला परकी वाटलीच नाही.

म्हणूनच पुढचा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. डेझी आविला ही विरोधी पक्षातल्या सिनेटरची मुलगी. ती सौंदर्यस्पर्धा जिंकते आणि मग जाहीरपणे त्या मुकुटाचा धिक्कार करते. तिच्या वडिलांची हत्या होते. हा प्रसंग वाचताना २१ ऑगस्ट १९८३ ला मनिला विमानतळावर गोळी घातलेले बेनिग्नो आक्विनो आठवल्याशिवाय राहत नाहीत. मग डेझीला लष्कराच्या तळावर नेलं जातं. जनरल तिची चौकशी करतो, त्याची माणसं तिच्यावर अत्याचार करतात, आणि खोलीत रेडिओवर ‘लव्ह लेटर्स’ लागलेली असते. आजीच्या खोलीत हमसून हमसून रडवणारी तीच मालिका, तेच संवाद. हॅगेडॉर्न इथे करमणुकीला दोष देत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती एवढंच दाखवते की एकच आवाज दोन्ही खोल्यांत पोचतो. सांत्वन करणारा आवाज आणि किंकाळी झाकणारा आवाज वेगळे नसतात.

असाच दुसरा धागा चित्रपट महोत्सवाच्या इमारतीचा. इमेल्डा मार्कोस यांना मनिलात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवायचा होता, म्हणून समुद्रात भर घातलेल्या जागेवर फिल्म सेंटर घाईने बांधलं जात होतं. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे मचाण कोसळलं आणि मजूर ओल्या काँक्रीटमध्ये पडले. मदतपथकांना काही तास आत जाऊ दिलं नाही. इमारत पुरी झाली, जानेवारी १९८२ मध्ये महोत्सवही झाला. कादंबरीत ही घटना येते ती बोलण्याच्या ओघात, सोहळ्याच्या कौतुकाला लागून. जोई ज्याच्या सोबत असतो तो जर्मन दिग्दर्शक याच महोत्सवाला आलेला असतो. सिनेमाचं वेड असलेली लेखिका सिनेमाच्या मंदिराखाली काय पुरलं आहे तेही सांगते.

शेवटाकडे एक छोटं प्रकरण आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले. इतका वेळ रियोने सांगितलेलं आपण खरं मानत आलो. आता पुचा बोलते. ती रियोला सुनावते की तू सगळं चुकीचं सांगितलंस, सालं चुकवलीस, तुझ्या आईवडिलांबद्दलही भलतंच लिहिलंस. बस्स. कोण खरं, याचा निवाडा होत नाही. चौदाव्या वर्षी देश सोडलेल्या लेखिकेने स्वतःच्या आठवणीवर ठेवलेला हा आक्षेप आहे, आणि तो तिने मागे राहिलेल्या बहिणीच्या तोंडी घातला. परदेशात स्थायिक झालेल्या आणि गावाबद्दल लिहिणाऱ्या कुणालाही हे प्रकरण टोचेल. नागपूरच्या घराबद्दल मी काही लिहिलं की माझी बहीणही फोनवर असंच म्हणते.

‘डॉगईटर्स’ नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचली आणि तिला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. ही दोन वेगळी पारितोषिकं आहेत, नावांमुळे घोटाळा होतो. पहिलं अमेरिकी प्रकाशनविश्वाचं मोठं पारितोषिक. दुसरं ‘बिफोर कोलंबस फाउंडेशन’ ही संस्था देते, आणि अमेरिकी साहित्य म्हणजे फक्त गोऱ्यांचं साहित्य नव्हे, या आग्रहातूनच ते जन्मलं आहे.

पुढे तिने या कादंबरीचं नाटक केलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया प्लेहाउसला मायकेल ग्राइफच्या दिग्दर्शनाखाली आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरला ते झालं. रंगमंचावर ती माणसं मोकळी वाटतात असं वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ती आवाजांतूनच जन्मली होती.

१९९३ आणि १९९४ ही वर्षं तिच्या कामाचा आवाका दाखवतात. १९९३ मध्ये तिने आशियाई अमेरिकन कथांचा मोठा संग्रह संपादित केला, ‘चार्ली चॅन इज डेड’. चार्ली चॅन हा १९२५ च्या एका कादंबरीतून आलेला चिनी गुप्तहेर, हॉलिवूडमध्ये भलताच लोकप्रिय. पडद्यावर त्याची भूमिका वर्षानुवर्षं गोरे नट डोळे बारीक करून करत. त्या खोट्या चेहऱ्याला मेलेला जाहीर करून तिने चाळीसहून अधिक लेखकांना एका पुस्तकात आणलं. मोठ्या व्यावसायिक प्रकाशनाने काढलेला असा हा पहिलाच संग्रह. १९९४ मध्ये शू ली चेंग या दिग्दर्शिकेच्या ‘फ्रेश किल’ चित्रपटाची पटकथा तिची. न्यूयॉर्कचा कचरा, विषारी मासे, बड्या कंपन्यांचा कारभार असा त्याचा विषय. १९९६ ची ‘द गँगस्टर ऑफ लव्ह’ तिच्या बँडच्या दिवसांतून उगवलेली आहे. रॉकी रिवेरा ही मुलगी आई आणि भावाबरोबर मनिलाहून सॅन फ्रान्सिस्कोला येते, ते साल जिमी हेंड्रिक्स या रॉक गिटारवादकाच्या मृत्यूचं. ही कादंबरी मला थोडी सैल वाटते, पण त्यातली आई, मिलाग्रोस, विसरता येत नाही.

माझ्या मते तिचं दुसरं मोठं काम म्हणजे २००३ ची ‘ड्रीम जंगल’. तिच्यामागे दोन खऱ्या घटना आहेत आणि त्या एकत्र ठेवण्यात तिचं सगळं कसब आहे.

पहिली घटना तासादाय लोकांची. १९७१ मध्ये मनुएल एलिझाल्दे या धनाढ्य घराण्यातल्या अधिकाऱ्याने जाहीर केलं की मिंदानाओ बेटाच्या जंगलात अश्मयुगात राहणारी एक जमात सापडली आहे. वीसपंचवीस माणसं, गुहेत राहणारी, पानं नेसणारी, युद्ध हा शब्दसुद्धा ठाऊक नसलेली. जगभर छायाचित्रं छापली गेली. व्हिएतनाम युद्धाने थकलेल्या जगाला ही निष्पाप माणसं हवीच होती. मार्कोस गेल्यावर १९८६ मध्ये एका स्विस पत्रकाराने जाऊन पाहिलं, तर ती माणसं घरांत राहत होती, कपडे घालत होती. सगळा बनाव होता अशी बोंब झाली. पुढे भाषातज्ज्ञांनी बारकाईने अभ्यास केला तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचं निघालं. ती खरोखरची, दूर राहणारी माणसं होती, आसपासच्या मनोबो भाषांशी नातं असलेली बोली बोलणारी. अश्मयुग मात्र त्यांच्यावर लादलेलं होतं.

दुसरी घटना सिनेमाची. १९७६-७७ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’ फिलिपिन्समध्ये चित्रित केला. गोष्ट व्हिएतनामची, जंगल फिलिपिन्सचं. हेलिकॉप्टरं मार्कोस यांच्या सैन्याची, भाड्याने घेतलेली. चित्रीकरण चालू असताना ती अधूनमधून परत बोलावली जायची, कारण दक्षिणेत बंडखोरांशी खरी लढाई चालू होती. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसले होते. तेच यंत्र, तेच वैमानिक. सकाळी कॅमेऱ्यासाठी गावावर झेपावायचं, आणि हुकूम आला की खऱ्या गावाकडे.

हॅगेडॉर्नने या दोन घटनांची नावं बदलली, माणसं नवी घडवली. ‘सापडलेली’ जमात तिथे ताओबो होते, सिनेमाचं नाव ‘नेपाम सनसेट’. आणि या दोन्हींच्या मधून चालत जाते रिझालिना ही गरीब घरातली मुलगी, श्रीमंताच्या बंगल्यात काम करणारी, तिथून पळून शहरात देहविक्रीत पोचलेली, पुढे त्या सिनेमाच्या वस्तीपाशी आलेली. एकाने जंगलातली माणसं जगाला दाखवली, दुसऱ्याने त्याच देशाचं जंगल दुसरा देश म्हणून दाखवलं. दोघांनाही दिसली नाही ती ही मुलगी. कादंबरीत मॅगेलनबरोबर १५२१ मध्ये आलेल्या पिगाफेटाच्या रोजनिशीतले उतारे आहेत. बाहेरून येऊन ‘शोध’ लावण्याची ही गोष्ट किती जुनी आहे ते त्यातून आपोआप उमगतं.

२०११ मध्ये ‘टॉक्सिकॉलॉजी’ आली. ती मॅनहॅटनमध्ये घडते, दोन शेजारणींची, एक सिनेमा करू पाहणारी आणि एक थकलेली लेखिका. २०१३ मध्ये तिने ‘मनिला नॉयर’ हा गुन्हेकथांचा संग्रह संपादित केला. त्यात बडजेट टॅन आणि काजो बाल्डिसिमो यांची ‘त्रेसे’ ही चित्रकथाही आहे, जिच्यावर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने मालिका काढली. कादंबऱ्या आणि कॉमिक्स एकाच पंगतीला बसवायला तिला कधी संकोच वाटला नाही. याच वर्षांत ब्रुकलिनमध्ये लाँग आयलंड युनिव्हर्सिटीत ती लेखन शिकवत होती.

एक सूचना भाषेबद्दल. तिच्या इंग्रजीत टागालोग आणि स्पॅनिश शब्द सरमिसळ येतात आणि ती अर्थ देत बसत नाही. आपल्याला याची भीती वाटायचं कारण नाही. घरात मराठी, ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी बोलणाऱ्या माणसाला असं अर्धं कळत पुढे जाण्याचा सराव असतो. खाण्याचे शब्द तर चवीवरूनच लागतात.

आणि ‘डॉगईटर्स’ हातात घेतलीत तर पहिल्या पानापासून वाचायलाच हवी असं नाही. आधी लोला नार्सिसाच्या खोलीत जा. रेडिओ लागलेला आहे, ताटात भात आणि मासळी आहे, मोलकरणी जमिनीवर बसल्या आहेत, आणि एक मुलगी दारातून आत येऊन आजीला चिकटून बसते आहे.